आज सकाळी मंदामावशींना मुकलो

मंदामावशी दोनदा वारल्या.

दुसऱ्यांदा वारल्या तेव्हा आम्ही बडोदं सोडलेलं होतं, त्यामुळे त्याविषयी माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. पहिल्यांदा वारल्या तेव्हा मात्र मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि त्या सेव-उसळीसाठी कांदा चिरत होत्या. या पहिल्या मरणाला माझा नवरा कारणीभूत होता. तो अजूनही सगळं खापर मराठी भाषेवर फोडतो.

रावपुऱ्यात त्यांचं आणि आमचं दार समोरासमोर, जिना एकच. मावशींच्या दारावर 'माने टंकलेखन वर्ग' अशी पाटी होती. वर्ग मी येण्याआधीच बंद पडला होता, पण पाटी काढायची नाही आणि दिवाणखान्यातली सात टंकयंत्रंही विकायची नाहीत, असा त्यांचा हुकूम. पाहुण्याला दोन यंत्रांच्या मधल्या स्टुलावर अंग चोरून बसावं लागे. मान्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते म्हणे. मावशी सून होत्या, पण फौज त्यांच्याच अंगात जास्त उतरली होती. रावपुऱ्यातल्या कचेऱ्यांमधले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले. कुणी कळांकडे बघून टाइप केलं की मावशी बोटांवर पट्टी मारत. पन्नाशीचे हेडक्लार्कसुद्धा रस्त्यात त्या दिसल्या की हात पाठीमागे घ्यायचे.

मी नाशिकची. लग्न होऊन आले त्या पहिल्याच सकाळी सासूबाईंनी विचारलं, "दूध मुकलंस का?" मी झाकण उचलून बघितलं. म्हटलं, "नाही हो, आहे की पातेल्यात!" त्या माझ्याकडे बघतायत, मी दुधाकडे बघतेय. शेवटी समोरच्या दारातून मावशी ओरडल्या, "अगं, गॅसवर ठेवलंस का विचारतायत त्या! गुजरातीत मूकवुं म्हणजे ठेवणं. इथं आम्ही सगळंच मुकतो. दूध मुकतो, चावी मुकतो, पोराला शाळेत मुकतो." आणि वर म्हणाल्या, "तुझी मराठी जरा अवघडच आहे. पण वांधो नाही, शिकशील."

माझी मराठी अवघड! नाशिकच्या शाळेत मला निबंधाची बक्षिसं मिळाली होती. तो अपमान मी अजून विसरलेले नाही.

टायपिंगचा वर्ग बसला तो संगणकामुळे. दुसरी एखादी बाई असती तर तिनं त्या मेल्याचं तोंड बघितलं नसतं. मावशी थेट शत्रूच्या गोटात शिरल्या. नाक्यावर सायबर कॅफे निघाला होता, तिथं जाऊन अर्धा-अर्धा तास बसायला लागल्या. पदर खोचलेला, पाठ ताठ, नजर समोर. कळा अशा बडवायच्या की मालक धावत यायचा. "मासी, धीमे, धीमे! कीबोर्ड तूटी जशे!"

"मग मजबूत आण ने," मावशी म्हणायच्या. आमचा नाशिकचा 'ना' बडोद्यात 'ने' होतो.

परदेशी गेलेल्या एका विद्यार्थ्यानं त्यांना बडोद्याच्या मराठी माणसांच्या मेलिंग लिस्टवर घेतलं होतं. एकानं पत्र लिहिलं की ते सगळ्यांना जायचं. मावशींच्या मेलखाली 'मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद' ठरलेलं, मग वर फक्त 'हो' एवढाच मजकूर का असेना. तेव्हा संगणकावर मराठी अक्षरं धड उमटत नसत. एकाकडून निघालेली मराठी दुसऱ्याकडे पोचेपर्यंत नुसते चौकोनी डबे व्हायचे. म्हणून सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. एकदा एका बाईनं लिहिलं की काल रात्री आम्ही फक्त भात खाल्ला. आता इंग्रजी अक्षरांत भात आणि भट एकच. पाच मिनिटांत उत्तर आलं: "तळटीप: श्री. भटांच्या घरी कळवलंत का?"

हा 'तळटीप' नाव घेऊन लिहिणारा माणूस कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशी त्या दिवशी कॅफेत एकट्याच इतक्या हसल्या की मालकानं त्यांना पाणी आणून दिलं.

पुढे एका कंपनीच्या फुकट संकेतस्थळावर मावशींनी गप्पांची जागा घेतली आणि तिला नाव दिलं 'ओटा'. एव्हाना मराठी अक्षरं उमटायला लागली होती आणि मावशींच्या घरी स्वतःचा संगणक आला होता. तो सात टंकयंत्रांच्या मधोमध मांडला होता. ओट्यावर तीनशेच्या वर माणसं. कुणी बडोद्याच्याच वाडी भागातलं, कुणी पुण्याचं, कुणी साता समुद्रापलीकडचं. जो तो आपापल्या घरी बसून, पण भांडणं अशी की एका अंगणात राहतायत असं वाटावं. वरणात गूळ घालावा की नाही यावर अकरा दिवस चर्चा चालली आणि एक ठरलेलं लग्न मोडता मोडता वाचलं. कुणी फारच शेफारलं तर मावशी त्याला 'ओट्यावरून उतरवायच्या'. पण त्याआधी फोन करून त्याचं म्हणणं ऐकून घ्यायच्या. म्हणायच्या, "फाशीच्या कैद्यालापण विचारतात. मी तर नुसती टायपिंगवाली आहे."

तळटीप रोज यायचा. त्याच्याबद्दल कळलं होतं ते एवढंच की तो बडोद्याबाहेर वाघोडियाच्या एका कारखान्यात सुटे भाग मोजून पास-नापास करायचं काम करतो आणि मूळचा साताऱ्याकडचा आहे. कारखान्यात भाग मोजायचा आणि घरी येऊन शब्द. बडोद्याच्या मराठीतला एकेक शब्द पकडून तो खाली टीप टाकायचा आणि मावशी त्याच्यावर तुटून पडायच्या. "आम्ही पिढ्यान्पिढ्या इथं बोलतोय. तुमच्या साताऱ्याला विचारून बोलायचं की काय?" असं रोज. मला मात्र खरी गोष्ट माहीत होती. ज्या दिवशी तळटीप फिरकायचा नाही त्या दिवशी मावशींची उसळ खारट व्हायची.

मावशींचे यजमान मानेकाका, त्यांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी मावशींनी ओट्यावर त्यांचा एक जुना फोटो टाकला. सायकल धरून उभे असलेले, केस विंचरलेले, तरुण. खाली एकच ओळ: "आज यांचा फोटो मुकते." काका गेलेत हे त्यांनी ओट्यावर कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. तासाभरात टीप आली: "तळटीप: मुकणे म्हणजे गमावणे. ताई या फोटोला मुकल्या असतील, तर तो मला दिसतो कसा?" त्याखाली वीस माणसं खदाखदा हसली.

एरवी मावशींनी त्याचा पार भुगा केला असता. त्या दिवशी त्यांनी एक कळ दाबली आणि तळटीपला ओट्यावरून उतरवलं. फोन नाही, विचारणं नाही. फोन नंबर तरी कुठं होता!

दोन दिवसांत राग उतरला. पण उतरला म्हणून लगेच बोलवायचं कसं? मान्यांची सून ना! "राहू दे चार दिवस बाहेर," म्हणाल्या. चार दिवसांचे चार आठवडे झाले. मग एका सकाळी ओटा उघडला तर तिथं कंपनीची एक ओळ होती: ही सेवा बंद करण्यात आली आहे. तळटीपच्या पत्त्यावर मेल केली, ती परत आली. दहा वर्षांच्या पाककृती, बारशाची नावं, भांडणं, सगळं एका दमात पुसलं गेलं होतं. मला फार हळहळ वाटली. मावशी म्हणाल्या, "भांडणांचं काय, नवीन करू. पण त्या माणसाला मी न विचारता उतरवलं गं, नीता. त्याला काय ठाऊक, फोटोतला माणूस गेलाय म्हणून? चुकलं माझं, एवढं त्याला एकदा सांगायचंय. बाकी काही नको." आणि मग त्यांना रडू आलं. मान्यांच्या सुनेला मी तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं.

म्हणून आम्ही वाघोडियाला गेलो. कल्पना त्यांची, पाय माझे. एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत 'तळटीप' लिहून मावशी शिफ्ट सुटायच्या वेळेला औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर उभ्या राहिल्या. पाच मिनिटांत भोवती गर्दी. त्यांतल्या फार थोड्यांना मराठी वाचता येत होतं. बाकीच्यांना वाटलं, हे नव्या कारखान्याचं नाव आहे आणि बेन भरती करतायत.

"बेन, केटला माणस जोईए?" एकानं विचारलं.

"एकच जोईए," मावशी म्हणाल्या.

"एकच?" तो निराश झाला. "काम शुं छे?"

"भांडायचं."

लोक पांगले. एक जण मात्र जाता जाता म्हणाला की त्याची बायको या कामाला एकदम फिट आहे, पगार किती? तळटीप काही सापडला नाही. आम्ही आणखी दोनदा गेलो. तिसऱ्या खेपेला तिथल्या चहावाल्यानं आम्हाला ओळखीचा हात केला तेव्हा मी म्हटलं, आता पुरे.

त्यानंतर मावशींनी सगळ्यालाच हात जोडले. साधा फोन होता, तेवढाच ठेवला. दरम्यान जग फोनमध्ये शिरलं, ओट्यावरची जुनी माणसं फोनवरच्या ग्रुपमध्ये जमली. त्याचा कारभारी माझा नवरा संजय. तो मावशींच्या मागे लागला, ओट्यावरची बडोद्यातली मंडळी मागे लागली. मावशी माझ्या फोनमध्ये डोकावून बघायच्या आणि नाक मुरडायच्या. "सकाळपासून चाळीस गुलाब आलेत. बोललं कोण? कुणीच नाही. आमच्या ओट्यावर फुलं नव्हती, पण माणसं तरी होती." ते खोटं नव्हतं. ग्रुपवर लोक एकमेकांना नुसते अंगठे दाखवत बसतात, भांडायलासुद्धा कुणाला सवड नाही. शेवटी मीच म्हटलं, "मावशी, तळटीप या ग्रुपवर नाही. पण आहेत त्यांतल्या कुणाला तरी माहीत असेल. तुम्ही आत आलात तर विचारता तरी येईल." हे औषध लागू पडलं. आठवड्यात नवा फोन आला.

आता संजयचं ऐका. जन्म बडोद्यातला, शाळा गुजराती, मराठी घरची. त्यानं मावशींना ग्रुपमध्ये घेतलं आणि मोठ्या आनंदानं लिहिलं: "मित्रांनो, आज सकाळी आपण मंदामावशींना मुकलो. फोटोपण मुकतो." पुढे जोडलेले दोन हात. 'ग्रुपवर' हा शब्द घालायचा त्याला आळस आला, आणि 'मुकलं'चं 'मुकलो' झालं, तेवढंच. आणि फोटो कोणता निवडावा? जुन्या विद्यार्थ्यांनी मावशींचा सत्कार केला होता तेव्हाचा. गळ्यात हा एवढा मोठा हार!

पुण्याहून पहिली श्रद्धांजली आली तेव्हा मावशींचा दुसरा कांदा चिरून होत होता. "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो." त्यामागोमाग धडाधड येत गेल्या. गंमत अशी की बडोद्यातल्यांना संजयची मराठी बरोब्बर कळली होती. त्यामुळे ग्रुपवर हे असं चाललेलं:

"फार मोठी हानी. शब्द सुचत नाहीत."

"बहु सरस! मोडं तर मोडं, उशिरा का होईना, झालं एकदाचं!"

"एक पर्व संपलं."

"संजू, शाब्बास. हे काम तूच करू जाणे. आम्ही किती वर्षं मागे लागलो होतो!"

"लाज वाटत नाही का तुम्हाला?" पुण्याच्या एका बाईंनी विचारलं.

"यात लाज कसली? पार्टी झाली पाहिजे," वाडीतून उत्तर आलं.

मी धावत जाऊन संजयला हलवलं, त्यानं खुलासा लिहिला, पण तोवर बातमी दुसऱ्या वीस ग्रुपांवर गेली होती. खुलासा मागे राहिला. चांगल्या बातमीला कोण पुढे ढकलतं? मावशी मात्र पाट मांडून बसल्या आणि चष्मा लावून एकेक श्रद्धांजली तपासायला लागल्या. "या देशपांडेनं दोनच ओळी लिहिल्यात बघ. मेल्याचा स्पीड मी साठावर नेला, आणि दोन ओळी!" पुढे म्हणाल्या, "ही म्हणते मी प्रेमळ होते. हिची बोटं मोडायची बाकी ठेवली होती मी." अशी तासभर करमणूक झाली. मग त्यांनी सगळी यादी परत एकदा वरून खालपर्यंत वाचली. आणि परत एकदा.

"नाही गं," म्हणाल्या. "तो असता तर त्यानं ही चूक सोडली नसती." फोन उपडा ठेवला आणि उसळ तशीच झाकून टाकली.

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, जिन्यात पांढरा सदरा-पायजमा घातलेले एक गृहस्थ दिसले. सत्तरीचे, किडकिडीत, हातात निशिगंधाचा हार. आमचं सामान बांधायचं चाललं होतं, कारण संजयची बदली झाली होती आणि दुसऱ्याच दिवशी आम्हाला नाशिकला निघायचं होतं. दार उघडंच होतं.

"माने टंकलेखन हेच ना?" त्यांनी मला हळू आवाजात विचारलं. "उशीर झाला. मला काल कळलं. एका पुतण्यानं बातमी पाठवली. मी त्यांना ओळखत होतो. म्हणजे, पाहिलं नव्हतं कधी."

हातातली सुतळी टाकून मी उठले. मी काही बोलायच्या आत समोरचं दार उघडलं आणि मावशी पिशवी घेऊन बाहेर आल्या.

"कोण पाहिजे?"

"मंदाकिनी मान्यांच्या घरचं कुणी..."

"मीच मंदाकिनी माने. आपण?"

त्या गृहस्थांनी हाराकडे बघितलं, मावशींकडे बघितलं. मग कपाळावर हात मारून घेतला. "मुकलो! अहो, बडोद्याचा मजकूर. मला तेव्हाच शंका यायला हवी होती."

मावशींच्या हातातली पिशवी खाली पडली. ती त्यांनी उचलून झटकली. मग मावशी म्हणाल्या, "हार हातात द्या. गळ्यात नको."

आत नेऊन त्यांना दोन टंकयंत्रांच्या मधल्या स्टुलावर बसवलं. आणि काय सांगू, दोघांची वाचाच बसली! दहा वर्षं रोज तलवारी परजणारी माणसं, समोरासमोर आली आणि लग्नाला बघायला आल्यासारखी खाली मान घालून बसली. मी चहा आणला. मावशींनी तीनदा तोंड उघडलं, तिन्हीदा 'साखर पुरे ना?' एवढंच बाहेर पडलं. मला राहवेना. सांगायचं ते सांगा ना, म्हणून मी डोळे वटारले, तर मावशींनी मलाच डोळे वटारले.

संजय आला. "काका, तुम्हाला ग्रुपवर मुकू?"

"घे. पण क्रियापद बदल," गृहस्थ म्हणाले.

त्यांच्या खिशातला फोन टुणकन वाजला. मावशींनी आपला फोन मांडीवर घेतला होता. पाठ ताठ, नजर समोरच्या भिंतीवर, बोटं चाललेली. पुन्हा खिसा वाजला. गृहस्थांनी चष्मा बदलला. मी माझ्या फोनवर बघितलं. मावशींनी सगळ्या ग्रुपसमोर लिहिलं होतं: "तळटीप, चुकल माझ. न विचारता उतरवल."

ते एका बोटानं टाइप करत होते. मावशींना ते बघवत नव्हतं, पण पट्टी शोधायला त्या उठल्या नाहीत. उत्तर यायला चार मिनिटं लागली: "तळटीप: तिन्ही ठिकाणी अनुस्वार राहिले. चूक माझी होती. फोटो कुणाचा, हे आधी विचारायला हवं होतं. नंतर कळलं, पण सांगायला ओटाच उरला नव्हता."

मावशींनी ते वाचलं, पदरानं डोळे पुसले आणि धाडकन लिहिलं: "उद्या पण या."

"तळटीप: 'उद्याही या' असं हवं."

मावशींनी फोन बाजूला ठेवला. आयुष्यात त्यांनी कुणाची दुरुस्ती मानून घेतलेली मी पाहिली नव्हती. त्या गृहस्थांच्या तोंडाकडे बघून, एकेक अक्षर सुटं करून त्या म्हणाल्या, "उद्याही या."

"येतो ने," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा टेम्पो भरला. निरोप घ्यायला वर गेले तर मावशींचं दार आतून बंद आणि आतून आवाज असा की दोन वेळा कडी वाजवली तरी कुणाला ऐकू गेली नाही. खाली उतरून मी रस्त्यातून वर पाहिलं. मावशी खिडकीत पाठमोऱ्या उभ्या होत्या. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट आत कुणावर तरी रोखलेलं. "तुमचा सातारा गेला खड्ड्यात!" हे अख्ख्या रावपुऱ्यानं ऐकलं. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, मी हाक मारली, दोन्ही हात हलवले. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. कुणी माझ्याकडे ढुंकून न बघितल्याचा मला जन्मात इतका आनंद झालेला नाही.